मावशी बांगलादेशी निघाल्या तर त्यांना काहीच हक्क नाहीत का?

पत्र: माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी आपण पश्चिम बंगालमधल्या मालद्याच्या असल्याचं सांगतात. मंगळवारी रात्री पोलीस त्यांना आणि त्यांच्या नवऱ्याला 'पडताळणी'साठी घेऊन गेले, ते अजून सोडलेले नाहीत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच धोशा चाललाय, की घुसखोरांना कसले आलेत हक्क. कमिटीनं ठरवलंय की मावशींचा राहिलेला पगार कुणीही द्यायचा नाही, आणि त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाचं नाव काढून टाकावं म्हणून शाळेला पत्र द्यायचं. माझा मुलगा म्हणतो, 'आई, तू यात पडू नकोस, देशद्रोहात अडकशील.' मावशी खरंच बांगलादेशी निघाल्या, तर आपल्या घटनेनं त्यांना काही दिलंय का? मी त्यांना वकील बघून दिला तर तो गुन्हा होतो का?
– एक निवृत्त शिक्षिका, ठाणे जिल्हा

बाई, सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यासाठी तुमची झोप उडालेली दिसते. कोठडीतल्या माणसाला वकील मिळवून देणं हा गुन्हा नाही. समोरचा माणूस कुठल्याही देशाचा असो, तरी नाही. याच मुंबईत अजमल कसाबवर खटला चालला. तो पाकिस्तानी होता, समुद्रामार्गे चोरून आला होता, आणि त्यानं काय केलं ते साऱ्या जगानं पाहिलं होतं. तरी त्याला सरकारी खर्चानं वकील दिला गेला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्याची बाजू मांडली गेली. 29 ऑगस्ट 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्याची फाशी कायम केली. त्याच निकालात देशभरातल्या दंडाधिकाऱ्यांना सांगितलं, की आरोपी पहिल्यांदा समोर आला की त्याला मोफत वकिलाचा हक्क आहे हे समजावून सांगणं तुमचं कर्तव्य आहे. कसाबला जे मिळालं ते पोळ्या लाटणाऱ्या बाईला मिळू नये असं ग्रुपवर कुणी म्हणत असेल, तर त्यांना हे वाचून दाखवा. चिडतील, पण उत्तर नसेल त्यांच्याकडे.

आता मूळ प्रश्न. तुमच्या ग्रुपवर दोन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत चाललीय, आणि ती फक्त तुमच्याच ग्रुपवर नाही. या माणसाला भारतात राहता येईल का, हा एक प्रश्न. तो जोपर्यंत भारतात आहे तोपर्यंत त्याच्याशी कसं वागता येईल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बरंचसं सरकारच्या हातात आहे. दुसऱ्याचं उत्तर घटनेनं देऊन ठेवलंय, आणि ते सरकारलाही बदलता येत नाही, तुमच्या कमिटीला तर नाहीच.

घटनेचा तिसरा भाग काढून बघा. भेदभावाविरुद्धचं कलम 15, सरकारी नोकरीतल्या समान संधीचं 16, भाषण, संचार, वास्तव्य, व्यवसाय यांचं 19, अल्पसंख्याकांच्या संस्कृतीचं आणि शिक्षणसंस्थांचं 29 आणि 30, ही कलमं नागरिकांपुरती आहेत. परदेशी माणसाला ती मागता येत नाहीत, मग तो व्हिसा घेऊन आलेला जर्मन इंजिनिअर असला तरी. पण कायद्यापुढे समानतेचं कलम 14, एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा नको म्हणणारं 20, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं 21, अटकेच्या वेळच्या संरक्षणाचं 22, वेठबिगारीविरुद्धचं 23, धर्मस्वातंत्र्याचं 25, ही 'व्यक्ती'साठी लिहिलेली आहेत. घटना समितीनं हा फरक डोळे उघडे ठेवून केला. ज्या काळात तो केला तो फाळणीचा काळ होता, सीमेवरून माणसांचे लोंढे येत होते आणि जात होते. तरीही त्यांनी कलम 21 मध्ये 'नागरिक' असं लिहिलं नाही.

ग्रुपवरचे काही जण यावर म्हणतील, की हे सगळं कायदेशीर आलेल्या पाहुण्यांसाठी. आक्षेप चुकीचा नाही, त्याचा विचार करायला हवा. नेहमी ज्या निकालाचा दाखला दिला जातो तो 2000 सालचा चंद्रिमा दास खटल्याचा. हावडा स्टेशनच्या यात्री निवासात एका बांगलादेशी महिलेवर सामूहिक बलात्कार झाला. रेल्वेनं न्यायालयात म्हटलं, बाई परदेशी आहे, घटनेखाली भरपाई कसली? सर्वोच्च न्यायालयानं ते झिडकारलं आणि दहा लाख रुपयांची भरपाई कायम केली. आता, ती महिला अजमेरला जायला रीतसर आलेली होती हे खरं. (जिच्या नावानं हा खटला ओळखला जातो त्या चंद्रिमा दास कोलकात्याच्या वकील. पीडितेच्या त्या कुणी लागत नव्हत्या. 'तुझा काय संबंध?' असं तुमच्या मुलानं पुन्हा विचारलं तर हे लक्षात असू द्या.)

पण चकमा लोकांचं प्रकरण बघा. 1964 नंतर तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून आलेली ही माणसं आजच्या अरुणाचल प्रदेशात वसली. नव्वदच्या दशकात तिथल्या विद्यार्थी संघटनेनं त्यांना 'अमुक तारखेपर्यंत राज्य सोडा' म्हणून बजावलं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी 1996 मध्ये न्यायालयानं सांगितलं, की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जिवाचं आणि स्वातंत्र्याचं रक्षण करायला राज्य बांधील आहे, आणि कुठल्याही गटाला परस्पर माणसं हुसकावून लावता येणार नाहीत. तुमच्या कमिटीनं वाचायचा निकाल हा आहे. कोण परदेशी आणि त्याचं काय करायचं, हे ठरवायचा अधिकार विद्यार्थी संघटनेला नव्हता, तसा तो गृहनिर्माण संस्थेच्या कमिटीलाही नाही.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही खोट्या आशेवर राहाल. मावशी खरोखर विनापरवाना आलेल्या परदेशी असतील, तर त्यांना देशाबाहेर पाठवायचा सरकारचा अधिकार भक्कम आहे. 1955 मध्ये हान्स म्युलर या जर्मन माणसाच्या खटल्यात न्यायालयानं हे स्पष्ट केलं. 1991 मध्ये लुई द रेद या बेल्जियन मिशनऱ्याचं प्रकरण आलं. 1937 पासून भारतात राहिलेला माणूस, म्हातारपणी त्याला 'निघा' म्हणून सांगितलं गेलं. न्यायालयानं म्हटलं, कलम 21 तुम्हाला आहे, पण इथं वास्तव्य करण्याचा हक्क कलम 19 मधला आहे, तो तुम्हाला नाही. एप्रिल 2021 मध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांच्या बाबतीत आपल्या नागपूरच्या सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठानंही तोच धागा पकडला: 14 आणि 21 सर्वांना आहेत, पण हद्दपार न होण्याचा हक्क वास्तव्याच्या हक्काशी जोडलेला आहे, आणि तो नागरिकांचा. मात्र त्याच आदेशात एक अट आहे, जी उद्धृत करताना हटकून गाळली जाते. ठरवून दिलेली प्रक्रिया पाळल्याशिवाय पाठवायचं नाही.

मला व्यक्तिशः हा निकाल कोता वाटतो. जिथं जीव जाण्याची भीती आहे तिथं परत पाठवणं हे कलम 21 च्या आड यायला हवं, असं माझं मत. पण आजचा कायदा माझ्या मतानं चालत नाही, आणि सल्ला मागणाऱ्याला मत कायदा म्हणून विकणं बरं नव्हे.

शिवाय कायदा कडक झालाय. 1946 चा परकीय नागरिक कायदा गेला, त्याच्या जागी 2025 चा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट 1 सप्टेंबर 2025 पासून लागू आहे. वैध कागदपत्रांशिवाय देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट पासपोर्ट-व्हिसा वापरल्यास किमान दोन वर्षं, कमाल सात. आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचा बोजा जुन्या कायद्यात ज्याच्यावर आरोप त्याच्यावर होता, नव्यातही तिथंच आहे.

हा बोजाच मला सगळ्यात जास्त सतावतो, आणि तुम्हा सगळ्यांना सतावायला हवा. तुमचे चेअरमन म्हणतात की मावशींचं आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. बरोबर आहे. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही म्हटलं, की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र असल्यानं कुणी आपोआप नागरिक होत नाही. पण मग चेअरमन साहेबांना विचारा, तुमच्याकडे काय आहे? 1 जुलै 1987 नंतर भारतात जन्मलेल्याला नुसता जन्मदाखला पुरत नाही, आई किंवा वडील नागरिक असल्याचं दाखवावं लागतं. 3 डिसेंबर 2004 नंतर जन्मला असेल तर एक पालक नागरिक असून भागत नाही, दुसराही नागरिक हवा, निदान बेकायदा स्थलांतरित तरी नसावा. तुमच्या सोसायटीतल्या तरण्या पोरांपैकी किती जणांना उद्या सकाळी हे कागद काढून ठेवता येतील? त्यांना कुणी मागत नाही, कारण ते बंगाली बोलत नाहीत. एवढाच काय तो फरक.

आणि ही काल्पनिक भीती नाही. जून 2025 मध्ये मुंबई-ठाणे पट्ट्यात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकललं गेलं, आणि ते भारतीय असल्याची कागदपत्रं पुढे आल्यावर सीमा सुरक्षा दलाला त्यांना परत आणावं लागलं. त्याच महिन्यात दिल्लीत पकडलेली बीरभूमची एक गर्भवती बाई कुटुंबासह बांगलादेशात पाठवली गेली. कलकत्ता उच्च न्यायालयानं सप्टेंबरमध्ये तिला परत आणायला सांगितलं, आणि ती परतली डिसेंबरमध्ये. केंद्रीय गृहमंत्रालयानं मे 2025 मध्येच राज्यांना कळवलं होतं, की कुणी भारतीय असल्याचा दावा केला तर मूळ राज्याकडून 30 दिवसांत पडताळणी करून घ्या. ती झालीच नाही. म्हणून ग्रुपवर जेव्हा कुणी लिहितं, 'घुसखोराला प्रक्रिया कशाला?', तेव्हा त्याला विचारायचं, की प्रक्रिया झाल्याशिवाय तो घुसखोर आहे हे तुला कळलं कुठून? जुलै 2024 मध्ये आसामच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच वेगळ्या भाषेत सांगितलं: बोजा आरोपीवर असला म्हणून सरकारनं हाती काहीही नसताना कुणाकडेही बोट दाखवून 'सिद्ध कर' म्हणायचं नाही. संशयाला आधी काहीतरी आधार हवा.

आता तुम्ही करायच्या गोष्टी.

उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जा. मुलाला सोबत न्या, तो घाबरलाय म्हणूनच न्या. शांतपणे विचारा: मावशींना अटक आहे का? गुन्हा नोंदवलाय का, नंबर काय? कोर्टात कधी हजर केलं? 'अटक नाही हो, नुसती पडताळणी' हे उत्तर येण्याची शक्यता बरीच आहे. त्यावर वाद घालू नका, फक्त म्हणा, 'मग त्या घरी जाऊ शकतात ना?' जाऊ देत नसतील तर शब्द कुठलाही वापरोत, त्या ताब्यात आहेत. आणि ताब्यातल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, हे कलम 22 मध्ये आहे. यातून शत्रुराष्ट्राच्या नागरिकाला वगळलंय, पण बांगलादेश हे काही आपल्याशी युद्धात असलेलं राष्ट्र नव्हे. अटकेची कारणं सांगावी लागतात. नोव्हेंबर 2025 मध्ये वरळीच्या कार अपघाताच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक पाऊल पुढे टाकलं: कारणं लेखी द्यायची, आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची. मावशींना मराठी बोलता येतं म्हणता, पण वाचता येतं का? नसेल तर बंगालीत किंवा हिंदीत कागद मिळाला का, हे त्यांच्या वकिलाला विचारायला सांगा. मंगळवारी रात्री नेलं असं तुम्ही लिहिलंय. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण लागतं, महिला अधिकारी लागते आणि तिनं लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी लागते. हाही मुद्दा वकिलाच्या कानावर घाला.

वकिलासाठी पदरचे पैसे घालायची गरज नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. 1987 च्या कायद्याखाली महिला, मुलं आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. 15100 हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. मावशी कुठं आहेत याचा पत्ताच लागेना, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे 'ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा' असा आदेश मागणारा अर्ज करता येतो. त्यांच्या वतीनं दुसऱ्या कुणालाही तो करता येतो, नातेवाईकच हवा असं नाही. आणि हे लवकर करा. माणूस एकदा सीमेपलीकडे गेला की कोर्टाचा आदेश मिळूनही महिने जातात, हे वर बघितलंच.

दुसरीकडे, मालद्याला त्यांचं कोण आहे ते शोधा. ग्रामपंचायतीचा दाखला, आईवडिलांची नावं असलेली जुनी मतदारयादी, जमिनीचा उतारा, शाळेचा दाखला, यातलं काहीही उपयोगी पडू शकतं. फोटो काढून मागवा, मूळ कागद त्यांच्याकडेच राहू द्या.

तुम्ही काय करायचं नाही, तेही सांगते. 'त्या माझ्याकडे वीस वर्षांपासून आहेत' असं खोटं सांगायचं नाही. खोटा पत्ता, मागच्या तारखेचं पत्र, 'ओळखीनं' करून मिळणारा जन्मदाखला, यांच्या वाटेला जायचं नाही. पोलिसांनी विचारलं तर जे माहीत आहे ते सांगायचं, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं. कुणाला घरात लपवून ठेवायचं नाही. मुलाची भीती या बाबतीत अस्थानी नाही. फक्त वकील देणं आणि लपवणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, ते त्याला दिसत नाहीये.

शाळेचं एका ओळीत: कलम 21-अ म्हणतं सहा ते चौदा वर्षांची 'सर्व मुलं', आणि मुख्याध्यापकांना सोसायटीच्या पत्रावरून नाव काढायचा अधिकार नाही. तुम्ही शिक्षिका होतात, त्यांना जाऊन भेटा, हे तुम्हीच माझ्यापेक्षा चांगलं समजावाल. आईवडील दोघंही कोठडीत असताना तो मुलगा कुणाकडे जेवतोय, झोपतोय, हे मात्र तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. तो एकटा असेल तर बालकल्याण समितीला कळवायला हवं, 1098 वर फोन केला तरी चालतं.

राहिला पगार. तो कमिटीचा ठराव वाचून मला रागच आला. काम करून घ्यायचं आणि दाम द्यायचा नाही याला आपल्याकडे बेगार म्हणतात, आणि कलम 23 ती करायला मनाई करतं. हे कलम सरकारपुरतं नाही, खासगी माणसाविरुद्धही चालतं. दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा वेठबिगारीच. इथं तर शून्य देताय. ज्या घरांनी दोन-दोन महिने मावशींच्या हातचं खाल्लं, त्यांना त्या वेळी राष्ट्रीयत्व आठवलं नव्हतं. आणि एक व्यवहाराची गोष्ट: सोसायटीच्या कमिटीला कुठल्याही सभासदाच्या घरातल्या कामाच्या पगाराबद्दल ठराव करण्याचा अधिकारच नाही. तो मोलकरीण आणि त्या घराच्या मधला व्यवहार आहे.

तुमच्याकडची रक्कम त्यांच्या बँक खात्यात भरा. खातं गोठवलेलं असेल किंवा नसेलच, तर वकिलामार्फत द्या आणि तारीख, रक्कम, कुठल्या महिन्यांचे पैसे हे लिहून पावती घ्या. बाकीच्या घरांना तोंडी सांगत बसू नका. चार ओळींचं पत्र लिहा, सेक्रेटरींना द्या, आणि आपल्या प्रतीवर त्यांची पोच घ्या. ठराव इतिवृत्तात गेला असेल तर त्याला तुमचा विरोध आहे हेही त्याच पत्रात लिहा. वकील भेटले आणि रिमांडची तारीख कळली की मला लगेच कळवा. पुढचं त्यावर ठरेल.